ज्याच्या हुकमानं नेलं, त्याची सही

शाळा सुटल्यावर नलू घरी यायची, पाय धुवायची, चुलीजवळ टेकून चहा घ्यायची. कप खाली ठेवते न ठेवते तोच ओसरीवरून अण्णाजी विचारायचे, "हात रिकामा हाये का व तुया?"

देवकाबाई आतून म्हणायच्या, "पोरगी आताच आली. जरा टेकू द्या तिले."

"टेकू दे ना. मी कुठं नाई म्हनतो."

पण ते तिथंच बसून राहायचे, आणि त्यांचं ते बसून राहणं नलूला पाठीवर जाणवायचं. मग ती उठायची, शब्दकोश काढायची आणि दूर कुठल्यातरी गावी राहणाऱ्या, कधी न पाहिलेल्या, म्हाताऱ्या लष्करी साहेबाला इंग्रजीत पत्र लिहायला बसायची. बाहत्तर साली हे सुरू झालं तेव्हा ती नुकतीच आंजीच्या शाळेत बाई म्हणून लागली होती. संपलं तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

आंजीतले लोक समजत की अण्णाजी तडसांना सह्यांचा शौक आहे. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारा माणूस, त्याच्या घरी विलायतेचं पाकीट येतं, खाली जनरलची सही असते, याचं गावाला मोठं अप्रूप. हेडमास्तर महादेवराव पंधरा ऑगस्टला ते कागद मागून न्यायचे आणि शाळेच्या फळ्यावर टाचण्यांनी लावायचे. एकदा वर्ध्याहून पेपरवाला आला आणि त्यानं छापलं की आंजीच्या एका शेतकऱ्याला जुन्या सेनापतींच्या स्वाक्षऱ्या जमवण्याचा छंद आहे. अण्णाजींनी ते वाचून घेतलं, घडी घालून ठेवलं. छंद नाही, असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

खरी गोष्ट फार जुनी होती. त्रेचाळीस साली ठेकेदाराचा माणूस वर्ध्यात आला होता. लढाई चालू होती, आसामात रस्ता बांधायला माणसं पाहिजे होती. अण्णाजी आणि त्यांच्या शेताच्या धुऱ्याला धुरा, बांधाला बांध, असलेला तानबा, दोघं एकाच गाडीनं गेले. तानबाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिकडे गेल्यावर अण्णाजींना एका ट्रकवर क्लीनर म्हणून घेतलं, पुढे ते गाडी चालवायला शिकले आणि त्यांना खाकी कपडे मिळाले. त्यांचं नाव लष्कराच्या कागदात गेलं. तानबा टोळीतच राहिला, फावडं आणि घमेलं घेऊन. पुढच्या पावसाळ्यात साहेबाचा हुकूम आला आणि टोळी पुढे हलवली. अण्णाजींचा ट्रक दुसऱ्या रस्त्यानं गेला. ते परतले तेव्हा टोळीचे तंबू नव्हते. कोणी सांगितलं ब्रह्मदेशाकडे नेले, कोणी सांगितलं पटकी आली. ठेकेदारही लढाई संपायच्या आत मेला.

अण्णाजी एकटे परत आले. तानबाची बायको आनंदाबाई, तिला त्यांनी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. "मी पाह्यलं तवा तो धड होता वहिनी. मंगचं माहीत नाई."

त्या "माहीत नाई"वर आनंदाबाईनं सारं तारुण्य काढलं. मूलबाळ नव्हतं. दीर रूपराव यांच्या मळ्यात राबायची, वाड्याशेजारच्या एका खोलीत राहायची आणि रोज कपाळाला कुंकू लावायची. तिचा भाऊ आर्वीला होता. त्याच्या घरी लग्न असो, बारसं असो, ती सकाळच्या बसनं जायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायची. कधी रात्र काढली नाही. तानबा आला आणि खोलीला कुलूप दिसलं तर तो कुठं जाईल, असं तिला वाटायचं. पहिली काही वर्षं लोक तिला समजावत. मग समजावणारेही म्हातारे झाले.

एकाहत्तरची लढाई संपली तेव्हा शेजारच्या गावातल्या एका बेपत्ता शिपायाच्या घरी कागद आला. पोरगा कामी आला होता. ती बातमी ऐकून आनंदाबाई अण्णाजींच्या ओसरीवर आली. बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

"त्या पोराच्या घरी कागद आला म्हने. खाली साहेबाची सही हाये."

"हो. आयकलं मी."

"आमच्याकडं काऊन नाई आला कागद?"

ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी अण्णाजींनी नलूला विचारलं, "इंग्रजीत पत्र लिहिता येते का तुले?"

"शाळेपुरतं येते, बाबा."

"तेवढं पुरे."

पहिलं पत्र सरकारी कचेरीला गेलं. उत्तर आलं की ठेकेदाराच्या मजुरांची नावं या दप्तरात नाहीत. खाली कोणीतरी साहेबाच्या वतीनं सही केली होती. अण्णाजींनी "वतीनं" म्हणजे काय ते नलूकडून नीट समजून घेतलं आणि तो कागद बाजूला ठेवला.

"हे कारकुनाचं झालं. ज्याच्या हुकमानं नेलं, त्याची सही पाह्यजे."

"त्या टोळीतली बाकीची मानसं असतीन ना. त्याईले विचारू."

"विचारलं मी. एक देवळीचा होता, त्याले दुसऱ्याच कामावर धाडलतं. मजुराले काय माहीत रायते नलू? हाकललं तिकडं तो जाते. हुकूम देनाऱ्याले माहीत रायते."

नागपूरला एक कर्नल निवृत्त होऊन राहत होते. त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, स्वच्छ, चार ओळींचं, निळ्या शाईच्या सहीचं. सोबत त्यांनी त्या मुलखात हुकमत केलेल्या काही अधिकाऱ्यांचे पत्ते कळवले होते. त्या पत्त्यांवरून आणखी पत्ते निघाले. डेहराडून, बंगलोर, पुणे आणि विलायतेतली दोन-तीन गावं, ज्यांची नावं नलूला उच्चारताही येत नसत. पोस्टमन कवडू सायकलवरून उतरून, पाकीट उंच धरून ओरडायचा, "अण्णाजी, तुमचा जर्नेल आला!"

अण्णाजी हात धोतराला पुसून पाकीट घ्यायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. ते आधी खालची सही बघायचे, बोट न लावता. मग कागद नलूकडे द्यायचे.

म्हातारे साहेब आनंदानं लिहायचे. कोणी चिखलाबद्दल लिहिलं, कोणी खेचरांबद्दल. एका इंग्रज जनरलनं दोन पानं भरून आपल्या गुलाबांची हकिगत कळवली. एकानं घोड्यावरचा फोटो सही करून पाठवला. त्यांनाही वाटायचं की हा कुणी सह्या जमवणारा असावा. काहींनी नुसतं कार्डावर नाव लिहून शुभेच्छा दिल्या. नलू एकेक वाक्य मराठीत करून सांगायची आणि अण्णाजी मान खाली घालून ऐकायचे.

"तानबाचं काय लिहिलं?"

"काही नाही, बाबा."

"पलटवून पाय."

नलू कागद उलटा करायची. मागची बाजू कोरी असायची.

प्रत्येक पत्रात शेवटी ते वाक्य असे. आंजी गावचा तानबा नावाचा माणूस आपल्या हुकमाखाली रस्त्यावर काम करत होता, त्याचं काय झालं हे आपल्याला आठवतं काय? वाक्य तेच असल्यामुळे नलूला शब्दकोश लागत नसे. हात आपोआप चालायचा. खाली अण्णाजींच्या नावाशेजारी, लिहून देणारी मुलगी म्हणून ती आपलं नाव घालायची. एकदा परीक्षेचे पेपर तपासून तिचे डोळे दुखत होते, आणि तिनं ते वाक्य न लिहिताच पाकीट चिकटवलं. "तानबाचं लिहिलं ना?" अण्णाजींनी विचारलं. ती हो म्हणाली. मग चुलीवरच्या भांड्याच्या वाफेवर पाकीट धरून उघडलं आणि तळाशी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात ते वाक्य घातलं.

तिच्या लग्नाचं दोनदा जमत आलं आणि मोडलं. हिंगणघाटचं स्थळ तर जवळजवळ ठरलंच होतं. त्या लोकांना तिनं नोकरी सोडायला हवी होती आणि तिला सोडायची नव्हती. नंतर देवकाबाईंना दमा लागला, मळ्याची भाजी पहाटेच्या बसनं वर्ध्याला पोचवायला माणूस मिळेना, आणि नलू आधी भाजीबरोबर, मग शाळेत, मग ओसरीवर, अशी फिरत राहिली. तिला कुणाचा राग येत नसे. राग यायलाही थोडं बळ लागतं.

पुण्याचे एक ब्रिगेडियर साहेब होते. ज्या रस्त्यावर तानबाची टोळी होती तो रस्ता त्या पावसाळ्यात त्यांच्याच ताब्यात होता, असं नागपूरच्या कर्नलांनी कळवलं होतं. त्यामुळे अण्णाजींनी त्यांना सोडलं नाही. दर दिवाळीला पत्र. साहेबांची उत्तरं यायची, टाईप केलेली, खाली थरथरत्या हाताची सही. तानबाविषयी एक अक्षर नसे. मग एक-दोन वर्षांनी सही चांगली वळणदार येऊ लागली. साहेबांचा हात बरा झाला असेल, असं नलूला वाटलं. अण्णाजींच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू आला होता. ते कागद नाकाजवळ धरायचे आणि सही आहे एवढं बघून समाधान मानायचे.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर साहेबांचं पत्र आलं. नलूनं ते आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचा आवाज बदललेला अण्णाजींना कळला असावा, कारण ते उठून उभे राहिले.

पत्रात लिहिलं होतं की वर्ध्याकडच्या टोळीतला तानबा नावाचा माणूस आपल्याला आठवतो. त्या पावसाळ्यात तो हिवतापानं वारला. सोबत्यांनी त्याला नदीकाठी अग्नी दिला. मी तिथे उभा होतो. त्याच्या घरच्यांना कळवायला इतका उशीर झाला याचं दुःख वाटतं. खाली सही.

अण्णाजी टोपी घालून निघाले. नलूही मागोमाग गेली. आनंदाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. नलूनं पत्र वाचलं, आधी इंग्रजीत, कारण अण्णाजींनी तसं सांगितलं, आणि मग मराठीत.

"सही हाये?" आनंदाबाईनं विचारलं.

"हाये वहिनी. साहेबाची हाये."

तिनं कागद हातात घेतला, सहीवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. शेंगांची टोपली उचलून आत ठेवली. मग रांजणाजवळ गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. दुसऱ्यांदा पाणी घेतलं तेव्हा मात्र ती खाली बसली आणि रडू लागली. रूपरावांची बायको धावत आली. अण्णाजी पाठमोरे उभे होते.

रूपरावांनी भावाचं दहावं-तेरावं केलं. त्यानं गाव सोडल्यापासून छत्तीस वर्षांनी गावानं तानबाच्या नावाचं जेवण घेतलं. त्या उन्हाळ्यात आनंदाबाई आर्वीला भावाकडे गेली आणि पापड-कुरडया करून महिनाभरानं परतली. थोडी अंगानं भरली होती. बसमधून उतरताना नलूला भेटली तर म्हणाली, "बापा, किती झोपली मी तठी."

अण्णाजींची पत्रं थांबली. संध्याकाळी ते ओसरीवर बसायचे पण काही विचारायचे नाहीत. आता आपल्याला बरं वाटायला हवं, असं नलूला वाटे. पण थकवा एकदा हाडात शिरला की काम संपलं म्हणून तो जात नाही. ती चहा पिऊन भिंतीला टेकून बसून राहायची.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तिला स्वतःच्या नावानं एक पत्र आलं. हिंदीत होतं. ब्रिगेडियर साहेबांची मुलगी कावेरी हिनं लिहिलं होतं. आम्ही आठवडाभर सेवाग्रामला येणार आहोत, आश्रमाजवळ उतरू, तुम्हाला भेटायची इच्छा आहे. शक्य असेल तर एकट्या या.

नलूनं घरी शाळेचं काम सांगितलं आणि रविवारी वर्ध्याला जाऊन तिथून सेवाग्रामची बस धरली. आश्रमाच्या पलीकडे एका बैठ्या घराच्या ओट्यावर, उन्हात, चाकाच्या खुर्चीत एक उंच म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, हात मांडीवर उताणे पडलेले. शेजारी स्टुलावर एक बाई त्याला संत्र्याची फोड सोलून भरवत होती. ती नलूपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. डोळ्यांखाली काळं होतं.

नलूनं हात जोडले. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या झाडाकडे, तसंच. त्याच्या ओठांतून रस ओघळला आणि बाईनं तो पदरानं टिपला.

"कधीपासून असं आहे?" नलूनं विचारलं.

"सात-आठ साल," कावेरी म्हणाली. पुण्यात वाढल्यामुळे तिला मराठी येत होतं, पण ती मधूनच हिंदीत शिरायची. "पहले हाथ गया. मग माणसं विसरले. आता मलाही ओळखत नाहीत."

नलूनं मनात हिशेब केला. मग सरळ विचारलं, "ते पत्र तुम्ही लिहिलं?"

"हो."

"सही?"

"सही पण माझी. सगळीकडे मीच करते. बँकेत, दवाखान्यात."

"तानबाचं काय झालं, ते साहेबांनी तुम्हाला पूर्वी कधी सांगितलं होतं?"

"नाही. हजारों आदमी थे. त्यांना धड असतानाही आठवलं नसतं." कावेरीनं उरलेल्या फोडी वाटीत ठेवल्या. "तुमचं ते एक वाक्य. दर दिवाळीला यायचं. मी वाचून वाचून थकले. मला वाटलं, लिहिणारीही थकली असेल. एक दिवस बसले आणि उत्तर देऊन टाकलं. मग मात्र चैन पडेना."

नलूला तिच्यावर चिडायचं होतं. एका बाईनं कपाळ धुतलं, हे सांगायचं होतं. सांगितलंही. कावेरी ऐकत राहिली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण तेवढ्यात म्हातारा खुर्चीत एका बाजूला कलला आणि दोघी मिळून त्याला सरळ करू लागल्या. बराच जड होता. काखेत हात घालून नलूनं त्याला वर ओढलं तेव्हा तिच्या मनात आलं, याच्याच हुकमानं टोळी पुढे गेली असेल. नंतर ती कावेरीच्या हातचा चहा प्यायली. निघताना कावेरीनं विचारलं, "सांगणार त्यांना?"

"माहीत नाही," नलू म्हणाली.

तीन-चार दिवस तिनं ते तसंच बाळगलं. मग एका संध्याकाळी ओसरीवर येऊन तिनं अण्णाजींना सगळं सांगितलं. अण्णाजींनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "म्हंजे सही साहेबाची नाई."

"नाई, बाबा."

"साहेबाले काहीच आठवत नाई?"

"काहीच नाई."

ते हळूहळू उठले. मग काठी शोधू लागले.

"आत्ता कोठी जाता?" देवकाबाईंनी विचारलं.

"वहिनीकडं. माया तोंडानं सांगतलं तिले का साहेबाची हाये. तं हेबी मलेच सांगा लागन."

आनंदाबाई दिव्याजवळ मेथी निवडत होती. अण्णाजींनी उभ्या उभ्याच सांगितलं, जसं होतं तसं. तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपली तेव्हा तिनं देठं बाजूला केली.

"म्हंजे तानबा मेला नाई?"

"तसं नाई वहिनी. मेला का जिता हाये, हे कोनालेच माहीत नाई. आधी जसं होतं तसंच."

"ते पोरगी केवढी हाये?" तिनं नलूकडे पाहून विचारलं.

"असेल चाळिशीची."

"लगन?"

"नाही झालं. वडिलांचं करते."

आनंदाबाईनं मान हलवली. "तिनं मले विचाराले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "मले विचारून लिहिलं असतं तं मी हो म्हनलं असतं. कोनीतरी सांगा, हेच तं म्हनत होती मी." मग जरा वेळानं, आवाज न चढवता, "आता मी पुन्हा कुंकू लावत नाई. तवा जवान होती, बसली वाट पाहात. आता नाई होत. ज्यानं त्यानं आपलं पाहावं."

"चुकलं वहिनी," अण्णाजी म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? बसा. उभे काऊन?"

तेव्हा ते बसले. रूपरावांच्या बायकोनं चहा आणला. बोलणं मेथीच्या भावावर आणि देवकाबाईंच्या दम्यावर आलं. आनंदाबाई पुढेही आर्वीला जात राहिली, आठ-आठ दिवस राहत राहिली. फक्त जाताना ती खोलीला कुलूप घालायची नाही, नुसती कडी लावायची, असं रूपरावांची बायको सांगते. कुणी त्यावरून तिला काही विचारलं नाही.

ब्रिगेडियर साहेब पुढच्या वर्षी वारले. कावेरीनं कळवलं. नलूनं दोन ओळींचं कार्ड टाकलं आणि त्यात आनंदाबाईचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं, विचारायला पाहिजे होतं हेही. कावेरीचं उत्तर आलं नाही.

अण्णाजी पंच्याऐंशी साली गेले आणि देवकाबाई त्यानंतर सहा महिन्यांत. नलूची बदली आर्वीला झाली. मळा तिनं बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, दिला. पत्रं महादेवरावांनी शाळेसाठी मागितली, तेव्हा तिनं सगळी देऊन टाकली, फक्त पुण्याची तेवढी काढून चुलीत घातली. महादेवरावांनी गुलाबवाल्या इंग्रज जनरलचं पत्र काचेत बसवून घेतलं आणि हजेरीपटाच्या कपाटावर टांगलं.

आर्वीला तिनं डेपोमागे एक खोली घेतली. पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर ती जरा पडावं म्हणून चटईवर आडवी झाली. बाहेर बसगाड्या येत-जात होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि घरमालकीण शालूबाई दारात उभी होती.

"बाई, बरं नाई का तुमाले? किती वेळची हाक मारून राह्यली मी."

"बरी हाये," नलू म्हणाली. "झोप लागली होती."

"मंग निजा. मी आपली चहाचं विचाराले आलती."

"थोड्या वेळानं येते," नलू म्हणाली आणि कुशीवर वळली.